सेल्फ पोर्ट्रेटमधून चित्रकार किती कळतो?

तुमचा प्रश्न मला असा समजला. चार महिने आरशासमोर बसून तुम्ही स्वतःचं तैलचित्र पूर्ण केलंत. घरच्यांनी ते बघितलं आणि कौतुक करायच्या आधी विचारलं, "तुझं सगळं बरं चाललंय ना?" चित्रातला माणूस त्यांना त्रासलेला आणि काहीसा उदास वाटला. तुमचे ते चार महिने तर मजेत गेले होते. म्हणून तुम्ही विचारताय की आपल्यालाच ठाऊक नसलेलं काही सेल्फ पोर्ट्रेट बाहेर काढतं का. आणि रेम्ब्रांट, व्हॅन गॉग या जुन्या डच चित्रकारांच्या चेहऱ्यांवरून लोक त्यांचं दुःख वाचतात, त्यात तथ्य किती.

मी अठ्ठावीस वर्षं व्यक्तिचित्रं करते आणि त्यातली बरीच वर्षं शिकवतेही. माझ्या अनुभवात सेल्फ पोर्ट्रेटमधल्या चेहऱ्यावरचा भाव चित्रकाराच्या मनाबद्दल फार थोडं सांगतो. चित्र करताना त्याने घेतलेले निर्णय मात्र पुष्कळ सांगतात. बघणारे बहुतेक वेळा भाव वाचतात आणि निर्णयांकडे त्यांचं लक्ष जात नाही, तिथेच घोटाळा होतो. अर्थात हे सरसकट लागू नाही. चित्र आरशातून केलंय की फोटोवरून, एका बैठकीत की कित्येक महिन्यांत, स्वतःसाठी की कुणा ग्राहकासाठी, यावर बरंच अवलंबून असतं. तुमचं चित्र आरशातून आणि सावकाश झालेलं आहे, तेव्हा मी त्याबद्दलच बोलते.

आधी त्या त्रासिक चेहऱ्याचं बघू. सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाचा चेहरा आठवा. भुवया जवळ आलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, नजर रोखलेली. तो दुःखी नसतो, त्याचं लक्ष लागलेलं असतं. आरशासमोरचा चित्रकार तासन् तास तेच करत असतो. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत अंतर किती, डाव्या गालावरचा हाफटोन, म्हणजे उजेड आणि सावली यांच्या मधली छटा, कपाळापेक्षा गडद की फिका, असं त्याचं सतत मोजमाप चाललेलं असतं. आणि गंमत अशी की मोजणारा आणि मोजला जाणारा एकच असल्यामुळे तो मोजणारा चेहराच कॅनव्हासवर उतरतो. दुसऱ्याचं चित्र काढताना माझ्या कपाळाला आठ्या असल्या तरी त्या समोरच्याच्या चित्रात जात नाहीत. स्वतःच्या चित्रात त्या थेट जातात.

त्यात स्नायूंची भर पडते. गप्पा मारताना चेहरा सतत हलत असतो, म्हणून तो जिवंत दिसतो. एका जागी चाळीस मिनिटं बसलं की गाल सैल पडतात आणि ओठांचे कोपरे खाली येतात. मॉडेल समोर असलं की आम्ही त्याला बोलतं ठेवतो, मधेच उठवतो, पाणी देतो. स्वतःला असं कुणी सांभाळत नाही. कामात गुंतलेला माणूस उठायचंच विसरतो आणि थकलेला चेहरा पुन्हा पुन्हा रंगवत राहतो. दिवा डोक्यावर असेल तर डोळ्यांच्या खोबणीत आणि खालच्या ओठाखाली सावली साचते. तेवढ्या दोन सावल्यांनी हसरा माणूससुद्धा खिन्न दिसतो.

आरशाचं स्वतःचंही एक गणित आहे, आणि नवशिक्यांना ते कुणी सांगत नाही. साबणाच्या वडीने आरशाच्या काचेवर तुमच्या कपाळाची वरची आणि हनुवटीची खालची खूण करा. मग पट्टीने मोजा. ते अंतर तुमच्या खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मं भरेल. मागे सरका, पुढे या, ते निम्मंच राहतं. शिवाय आरसा तीन फुटांवर असेल तर प्रतिबिंब डोळ्यांना सहा फुटांवर भासतं. म्हणजे चेहरा वाटतो त्यापेक्षा लांब आणि लहान दिसत असतो. मग आपण नकळत पुढे झुकतो आणि डोळे बारीक करतो. चाळिशी ओलांडलेल्यांची आणखी एक अडचण असते. कॅनव्हास जवळच्या चष्म्यातून स्पष्ट दिसतो, आरशातला चेहरा दिसत नाही. चष्मा काढघाल करणाऱ्या माणसाची ती मिचमिची नजर चित्रात उतरली की बघणारे म्हणतात, "किती खोल वेदना आहे डोळ्यांत!"

शेवटचं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तुमच्या घरच्यांना तुमचा चेहरा आरशातल्यासारखा माहीतच नाही. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. एक भुवई किंचित वर असते, ओठाचा एक कोपरा खाली असतो, भांग एका बाजूला असतो. रोज समोरून बघणाऱ्यांच्या डोळ्यांत हे सगळं ठरलेल्या जागी बसलेलं असतं. तुमच्या चित्रात त्याची अदलाबदल झाली. त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, पण काय ते सांगता येत नाही, आणि मग "उदास दिसतोय" हा सापडायला सोपा शब्द तोंडी येतो. हे तपासणं सोपं आहे. चित्र आरशासमोर धरा आणि घरच्यांना त्याचं प्रतिबिंब बघायला सांगा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी एवढ्याने तक्रार मिटली आहे. प्रतिबिंबातही चेहरा त्रासिकच वाटला तर उजेड आणि थकवा ही कारणं शोधा.

हसरी सेल्फ पोर्ट्रेट्स इतकी कमी का, याचंही उत्तर यातच आहे. हसू धरून ठेवता येत नाही. अर्ध्या मिनिटात ते गोठतं आणि दात विचकल्यासारखं दिसू लागतं. रेम्ब्रांटने १६३० साली हसणाऱ्या, डोळे विस्फारलेल्या, ओरडणाऱ्या अशा स्वतःच्या चेहऱ्यांची छोटी छोटी एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून छापलेली चित्रं, केली. तेव्हा तो चोविशीच्या आसपास होता आणि भाव कसे दाखवायचे याचा सराव करत होता. आरशातलं मॉडेल फुकट होतं आणि सांगेल तसं तोंड करत होतं. त्या विस्फारलेल्या डोळ्यांवरून त्याची मनःस्थिती काढायला जाणं म्हणजे रियाज करणाऱ्या गायकाच्या तानेवरून त्याचा स्वभाव सांगण्यासारखं आहे.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर ताण, थकवा, उजेड, अंतर आणि उलटापालट या पाच गोष्टी मिळून चेहऱ्यावर एक भाव तयार करतात, आणि त्याचा तुमच्या मनाशी काही संबंध असेलच असं नाही. आता दुसऱ्या बाजूकडे वळते, कारण सेल्फ पोर्ट्रेट काहीच सांगत नाही असं मी मुळीच म्हणत नाही.

वर्गात मी दरवर्षी एक प्रयोग करते. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात असलेलं रेम्ब्रांटचं १६५८ सालचं सेल्फ पोर्ट्रेट दाखवते, पण त्याबद्दल काहीच सांगत नाही. भला मोठा कॅनव्हास, सोनेरी झगा, हातात काठी, सिंहासनावर बसावं तसा समोर ठाण मांडून बसलेला माणूस. मुलं म्हणतात, राजा आहे, सेनापती आहे, कुणी श्रीमंत व्यापारी आहे. मग मी सांगते की १६५६ साली या माणसाचं दिवाळं निघालं आणि त्याचं घर, त्याचा सगळा संग्रह विकला गेला. पुन्हा बघायला सांगितलं की त्याच मुलांना त्याच डोळ्यांत थकवा आणि अपमान दिसू लागतो. रंगाचा एक ठिपकाही बदललेला नसतो. आपण चरित्र आधी वाचतो आणि मग ते चेहऱ्यावर शोधतो.

पण याच चित्रात निर्णय बघा. सगळं हातचं गेलेलं असताना त्याने स्वतःला जवळजवळ खऱ्या मापात आणि राजासारखं रंगवलं. हा निर्णय कुणी त्याच्यावर लादलेला नाही, अपघाताने झालेला नाही आणि आरशाच्या गणितातून आलेला तर नाहीच. कशावरून काही वाचायचं असेल तर यावरून वाचावं. तो ग्राहकांना सांगत होता की स्वतःला, हे मी ठामपणे सांगणार नाही. त्याची स्वतःची चित्रं त्याच्या हयातीत संग्राहकांना हवी असत, त्यामुळे दोन्ही शक्य आहे.

याहून बोलका निर्णय लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रात आहे. ते १६६९ सालचं, म्हणजे तो गेला त्याच वर्षीचं, वय ६३. त्यात हात एकमेकांत गुंफून तो शांत बसलाय. क्ष-किरणांत दिसतं की आधी त्याने हात मोकळे रंगवले होते आणि त्यात ब्रश होता. नंतर त्याने तो ब्रश बुजवला आणि हात मिटवले. मी स्वतः ब्रश धरणारी असल्यामुळे या दुरुस्तीपाशी नेहमी थबकते. स्वतःच्या चित्रात ब्रश रंगवण्याचा अर्थ "हा चित्रकार आहे" असं लिहून ठेवणं. आयुष्यभर चित्रकार म्हणून जगलेल्या माणसाने ती ओळख लिहिली आणि मग खोडली. का, ते मला माहीत नाही. कदाचित हातातल्या वस्तूमुळे नजर चेहऱ्यावरून खाली घसरत असेल आणि त्याला ती नको असेल. रचनेसाठी घेतलेला निर्णय आणि मनातून आलेला निर्णय नेहमी वेगळे काढता येत नाहीत. पण त्याने तिथे थांबून विचार केला हे नक्की, आणि चित्रकार जिथे थांबतो, खोडतो, पुन्हा करतो तिथे तो सापडतो.

लंडनच्याच केनवुड हाउसमध्ये त्याचं आणखी एक उतारवयातलं चित्र आहे, मागे दोन मोठ्या वर्तुळांच्या रेषा असलेलं. तिथे क्ष-किरणांत असं दिसतं की सुरुवातीला त्याने आरशात दिसलं तसं रंगवलं होतं, ब्रश डाव्या हातात. नंतर त्याने बाजू बदलल्या आणि पॅलेट, ब्रश, हात हे सगळं मोजक्या फटकाऱ्यांत आटोपलं. चेहऱ्यावर मात्र रंगाचे थरावर थर आहेत. त्याला वेळ कुठे द्यायचा होता ते त्या थरांवरून कळतं.

व्हॅन गॉगबद्दल थोडक्यात सांगते. त्याची पस्तीसच्या आसपास सेल्फ पोर्ट्रेट्स आहेत, बहुतेक पॅरिसच्या दोन वर्षांतली. ही संख्या ऐकली की लोक म्हणतात, केवढा आत्मशोध! पण मॉडेल मिळत नाही म्हणून चांगलासा आरसा विकत घेतल्याचं त्याने भावाला पत्रात लिहिलंय. माणसं रंगवायला शिकायचं होतं आणि मॉडेलला द्यायला पैसे नव्हते. कानाला पट्टी बांधलेलं चित्र जानेवारी १८८९ चं. जखम डाव्या कानाला झाली होती आणि चित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते, कारण तो आरशातलं जसंच्या तसं उतरवत होता. सगळे पट्टीकडे बघतात. मी विद्यार्थ्यांना त्याच्या मागे बघायला सांगते. तिथे इझल, म्हणजे चित्र टेकवायची घोडी, उभा आहे आणि भिंतीवर त्याचं आवडतं जपानी छापचित्र आहे. जखमेला महिनाही झालेला नाही, आणि या माणसाने पट्टीइतकंच ठळक काय दाखवलं, तर आपलं काम आणि आपल्याला आवडणारं चित्र.

मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोने तर हा मुद्दा अगदी उघड करून ठेवलाय. १९२५ साली बसच्या भीषण अपघातानंतर ती महिनोन्महिने अंथरुणाला खिळली, पलंगाच्या वर आरसा लावला गेला आणि ती स्वतःला रंगवू लागली. तिची जवळपास एक तृतीयांश चित्रं स्वतःचीच आहेत. ती ओळीने लावून बघा. चेहरा बहुतेक सगळ्यांत तोच, मान किंचित वळलेली, नजर थंड आणि स्थिर. सांगायचं ते तिने चेहऱ्याबाहेर सांगितलं. नवरा दिएगो रिव्हेरा याच्याशी घटस्फोट झाल्यानंतर, १९४० साली केलेल्या चित्रात ती पुरुषी सूट घालून खुर्चीत बसलीय, हातात कात्री आहे आणि कापलेले केस जमिनीवर, खुर्चीवर पसरलेत. चेहरा तिथेही काही बोलत नाही. केस बोलतात.

नजरेबद्दल एक बारकावा, तो मला फार प्रिय आहे. एका आरशात बघून चित्र करणाऱ्याचे डोळे चित्रात आपल्याकडेच बघणार, त्याला दुसरा मार्ग नाही. तेव्हा "तो थेट आपल्या डोळ्यांत बघतो" याचं फार अप्रूप नको. पण सेल्फ पोर्ट्रेटमधला चित्रकार दुसरीकडे बघत असेल तर थांबा. त्यासाठी दोन आरसे लावावे लागतात, फोटो घ्यावा लागतो किंवा डोळे आठवणीने, कल्पनेने रंगवावे लागतात. म्हणजे कुणीतरी मुद्दाम खटपट केलीय. सतराव्या शतकातल्या इटालियन चित्रकार आर्टेमिसिया जेंटिलेस्कीने स्वतःला चित्रकलेचं मूर्त रूप म्हणून रंगवलं, त्यात ती कॅनव्हासकडे झुकलीय आणि बघणाऱ्याकडे तिचं लक्षच नाही. अमृता शेरगिलने १९३४ साली स्वतःला ताहिती बेटावरच्या स्त्रीच्या रूपात रंगवलं, तिथेही नजर बाजूला वळलेली आहे. या दोघींनी आपल्याकडे न बघणं निवडलं.

आता माझं सांगते, कारण हे सगळं मला मोठ्यांच्या चित्रांपेक्षा स्वतःच्या चित्रात जास्त कळलं. एकोणपन्नासाव्या वर्षी मी एक सेल्फ पोर्ट्रेट केलं. ते प्रामाणिक झालंय अशी माझी खात्री होती. कपाळावरच्या तीन आठ्या, डोळ्यांखालची सूज, पांढरे केस, काहीही लपवलं नव्हतं. एक विद्यार्थिनी बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हा गळा कुणाचा आहे?"

मी एकतिसाव्या वर्षी केलेलं चित्र फळीवरून काढून शेजारी ठेवलं. गळा तोच होता. हनुवटीखालून कॉलरपर्यंत उतरणारी तीच स्वच्छ रेघ, तोच एकसंध फिका रंग. अठरा वर्षांनी मी तो न बघताच रंगवला होता. आठ्या मी मोजून काढल्या, कारण चित्रकाराच्या कपाळावर आठ्या असाव्यात असं मला कुठेतरी वाटत होतं. गळ्याकडे मात्र मी आरशात बघितलंच नव्हतं, हाताला माहीत होता तसा तो उतरवला. मग दोन बैठका फक्त गळ्यासाठी दिल्या. दोन आडव्या वळ्या, त्यांच्यामध्ये किंचित सुटलेली कातडी, हनुवटीखाली हिरवट करडा हाफटोन, आणि चेहऱ्यापेक्षा गळ्याचा लालसरपणा किती कमी असतो ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या चित्रातल्या माझ्या डोळ्यांवरून लोक बरंच काही बोलले. पण माझ्याबद्दल खरी बातमी त्या न बघितलेल्या गळ्यात होती.

असं प्रत्येक वेळी काढता येईलच असं नाही. एका विद्यार्थ्याने चष्म्याच्या काचांवर खिडकीचं प्रतिबिंब इतकं सुरेख रंगवलं की मागचे डोळे जवळजवळ दिसेनासे झाले. वर्गात लगेच चर्चा सुरू झाली की तो स्वतःला लपवतोय. त्याला विचारलं तर त्याने सांगितलं की आयुष्यात पहिल्यांदा काच जमत होती आणि तिथून हात निघेना. मला ते पूर्ण पटलं. काच रंगवायला जमली की तो आनंद काय असतो ते मला माहीत आहे. म्हणून एका चित्रावरून मी कधी निष्कर्ष काढत नाही. तीच गोष्ट तीन-चार चित्रांत पुन्हा पुन्हा आली तरच तिच्याकडे वळते.

तर तुमच्या चित्राबद्दल. भाव बाजूला ठेवा आणि ते उलटं टांगून बघा. चेहरा ओळखता येईनासा झाला की रंगाचं काम दिसू लागतं. रंग सर्वांत जाड कुठे बसलाय, कुठला भाग पुन्हा पुन्हा खरवडून केलाय, कुठला भाग एका दमात आटोपलाय आणि नंतर त्याला हातच लावलेला नाही, हे कागदावर लिहून काढा. कॅनव्हासच्या कडेने काय कापलं गेलं, हात चित्रात आहेत की नाहीत, मागे तुम्ही काय ठेवलंत किंवा काय झाकलंत तेही लिहा. मग एकेका गोष्टीपुढे खरं उत्तर लिहा: हे मी ठरवून केलं, की जमत नव्हतं म्हणून सोडलं, की बघितलंच नाही? तिसऱ्या प्रकारातल्या गोष्टी थोड्याच निघतील. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्यांच्यात आहे.

पुढचं चित्र करताना आरसा डोळ्यांच्या उंचीवर लावा. उजेड एका बाजूने, थोडा वरून येऊ द्या, डोक्यावरचा दिवा बंद ठेवा. वीस मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की खरोखर उठा. ओठांवर काम करायचं असेल तर कुणाशी तरी बोलून आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत करा, ते सैल पडल्यावर त्यांना हात लावू नका. डोळ्यांच्या बाबतीत, मोजमाप करून झालं की ब्रश खाली ठेवा, एकदा खोल श्वास घ्या, मग आरशात बघा आणि जे दिसेल तेवढंच ठेवा.

हे चित्र कृपा करून पुसू नका. वरून दुसरं रंगवूही नका. मागे तारीख लिहा आणि ठेवून द्या. वर्षभराने त्याच आरशासमोर, हे चित्र न बघता, दुसरं करा आणि मग दोन्ही शेजारी ठेवा. बदललेल्या भागांकडे नंतर बघा. आधी जो भाग जसाच्या तसा उतरलाय तो शोधा, आणि तिसऱ्या चित्राची सुरुवात तिथून करा.